रविवारचा मोडा

आमच्या कोपरच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर कधी वर्तमानपत्र अंथरलं नाही. पत्रकं अंथरली. बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे आणि वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. गुलाबी, पिवळी, हिरवट, बोटाला शाई लागणाऱ्या पातळ कागदाची. माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. 'जाहीर' हा शब्द मला 'जहाज'च्या आधी वाचता आला. सुट्टीत बाबा मला टेंभी नाक्यावर पत्रकं वाटायला घेऊन जायचे. मजकूर घेणाऱ्याकडे वळवून कागद हातात द्यायचा, माणूस चालता चालता फक्त पहिली ओळ वाचतो, ती चुकली तर कागद पुढच्या गटारात जातो, हे त्यांनी मला तिथे शिकवलं. अजूनही मला वाटतं की माणसाला जे म्हणायचंय ते एका कागदाच्या एका बाजूला मावलं पाहिजे. मावत नसेल तर तो काहीतरी लपवतोय.

नातेवाईकांत आमचं घर त्यासाठीच ओळखलं जायचं. लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असला की लोक दुसरीकडे जात. भांडण असलं की आमच्याकडे येत. त्या वर्षी थंडीत माझी मावशी आणि माझा मामा एकाच आठवड्यात आमच्याकडे आले. दोघांना एकमेकांविरुद्ध पत्रक हवं होतं.

आईचं माहेर आंबिवलीच्या पुढे, नदीकाठी आहे. स्टेशनला उतरून रिक्षा करायची, मग थोडं चालायचं. पूर्वी त्या रस्त्याने फक्त गावातली माणसं आणि त्यांचे पाहुणे जायचे. मग कुणीतरी नदीच्या वळणाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून गाड्या यायला लागल्या. मामाची कंत्राटी नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. नदीला लागून त्याची वाडी आहे. तिथे त्याने तंबू ठोकले, झाडांना रंगीत दिवे लावले आणि पोपटी सुरू केली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्याकडे हे पूर्वीपासून घरातल्या घरात चालायचं. आता त्यासाठी माणसं शनिवारी दुपारी यायची आणि रविवारी संध्याकाळी जायची. भाकऱ्या मामी भाजायची.

रस्ता आणि मामाची वाडी यांच्यामध्ये मावशीचा पट्टा होता. मावशी आईची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा आजोबांनी तिला तो दिला. भात कापून झालं की ती त्यात वाल पेरते. वालाला पाणी द्यावं लागत नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर तो वाढतो. त्याला फक्त कुणी तुडवायचं नसतं. वाडीकडे जायला नदीच्या कडेने वाट आहे, पण त्या वाटेने गाडी जात नाही. मावशीच्या पट्ट्यातून जाते.

मावशी आली ती पिशवी घेऊन. पिशवीतल्या शेंगा तिने आमच्या टेबलावर ओतल्या. अर्ध्या चिरडलेल्या होत्या.

"ह्या बग," ती मला म्हणाली. "ह्यांच्यावरनं गाडी गेली. पांढरी होती."

"मामाशी बोललीस?"

"बोलले. तो बोलतो, बाय, पाहुने हायत, पाहुन्यांना कसं अडवू. मी बोलले, मग मी कोन हाय?"

आई म्हणाली, "तो तसा नाहीये गं मनाने."

"मनानं नाय. गाडीनं हाय." मावशीने शेंगा परत पिशवीत भरायला घेतल्या. "औंदा वाल गेला तर पुढच्या साली मी काय पेरनार नाय आनि पेरूही देनार नाय कोनी. एकदा चाकोरी पडली का तो रस्ता. मग शेत होतं, हे सांगत फिरायचं. मना कागद दे लिवून. तुजा बाप लिवतो तसला, कडक."

मी लिहीन म्हणाले. त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. एका बाईच्या शेताचा दुसऱ्याच्या धंद्यासाठी रस्ता होत होता.

दोन दिवसांनी मामा आला. त्याने नदीचे मासे आणले होते. दारातूनच म्हणाला, "काय भाची, तुजा मामा रिसॉर्टवाला झालाय, आता तरी पाया पड." मग त्याला टेबलाच्या कडेला राहिलेल्या दोन शेंगा दिसल्या.

"बाय येऊन गेली वाटतं."

"हो."

"शेंगा दाखवल्या?"

"दाखवल्या."

"मग मना पन एक पत्रक." तो बाबांसमोर बसला. "दाजी, तुमी सांगा. नोकरी गेली तेव्हा गाव आला होता का माज्या दारात? आता चार मान्सं यायला लागली तर सगल्यांची पोटं दुकायला लागली. मी काय दारूचा अड्डा चालवतंय? मानूस येतो, खातो, फोटो काढतो, जातो."

"आणि गाडी?" मी विचारलं.

"गाडी डोक्यावर घेऊन येनार का ती?"

बाबांनी चष्मा लावला आणि कागद ओढला. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही मामाचं लिहिणार?"

"त्याची नोकरी गेलीये. मी आयुष्यभर कोणाचं लिहिलं?"

"मावशीच्या शेतावरून गाड्या नेणाऱ्यांचं नाही."

"तसं तुझ्या पत्रकात लिही," बाबा शांतपणे म्हणाले.

आई आतून म्हणाली, "दोघांनीही लिहा. लावा माझ्या माहेराला आग. एकाने पुढून, एकाने मागून."

आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर बसून लिहिलं. परीक्षेत झाकावा तसा मी डाव्या हाताने कागद झाकत होते. दोन्ही पत्रकं डोंबिवलीत एकाच छापखान्यात छापली. मावशीचं गुलाबी, मामाचं पिवळं. छापणाऱ्याने बाबांना विचारलं, "साहेब, निवडणूक लागली का घरात?"

पत्रकांनी गावात जे व्हायचं ते झालं. ज्यांची मुलं मामाकडे तंबू बांधायला, सामान उचलायला जायची ती घरं पिवळी झाली. ज्यांची शेतं रस्त्याला लागून होती ती गुलाबी झाली. नळावर बायका वेगवेगळ्या उभ्या राहायला लागल्या. मावशीने बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रविवारी कुणीतरी ते बाजूला ओढून गाडी नेली. मामाने आपण ओढलं नाही म्हणून सांगितलं आणि ते खरंही असावं, पण त्याने ते परतही लावलं नव्हतं. मावशीने त्याच्याशी बोलणं टाकलं. ती त्याच्या घरावरून जाताना डोक्यावरचा पदर त्या बाजूने पुढे ओढायची.

मग गावकीने बैठक बोलावली आणि आम्हालाही निरोप आला. तुम्ही लिहिलंय, तर तुम्ही या.

देवीच्या देवळापुढच्या मंडपात बैठक होती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे गावकीचे अध्यक्ष. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, मोठ्याने आणि सावकाश बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी आधी गुलाबी पत्रक उचललं आणि वाचायला लागले.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आज गप्प बसलो तर उद्या उभं राहायला जमीन उरणार नाही."

ते त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग पिवळं उचललं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आज गप्प बसलो तर उद्या..." ते थांबले. चष्मा वर केला. "उद्या चूल पेटणार नाही."

मागून कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. दोन्हीकडे तीच होती. मागण्या मान्य होईपर्यंत हा लढा चालूच राहील.

"दोनी कोंबडे एकाच खुराड्यातले," मागचा माणूस म्हणाला.

मंडप हसला. मावशीही हसली, मग तिच्या लक्षात आलं की मामाही हसतोय, आणि तिने तोंड बंद केलं. बाबा गंभीर चेहऱ्याने समोर बघत होते. आम्ही ठरवून तसं लिहिलं नव्हतं. त्या घरात दुसऱ्या पद्धतीने लिहायला कुणाला येतच नव्हतं.

हसून झाल्यावर मात्र बोलणं सुरू झालं. काही तरुण पोरं म्हणाली की गावाच्या तोंडाशी फाटक लावून पावती फाडा. मावशीच्या बाजूचे म्हणाले, तंबूच बंद करा. कुणी म्हणालं, पोलिसांत द्या.

"पोलीस येतील आनि जातील," अध्यक्ष म्हणाले. "ही आनि हा इथंच रानार. एका वाटेवर." मग म्हणाले, "मोडा देऊ."

मोडा हा शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकला होता. आईच्या गावात सोमवारी बैल जुंपत नसत. नांगर नाही, विळा नाही, शेताच्या बांधाला आणि कुंपणाला हातही लावायचा नाही. त्याला मोडा म्हणायचे. मोडा पाळायचा. का, असं विचारायचं नसतं. देवीचा आहे, एवढंच. आता गावात बैल उरले नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर सोमवारी मिळाला तर लोक सोमवारीही घेतात, पण म्हातारी माणसं अजून त्या दिवशी शेतात पाय टाकत नाहीत. साथ आली किंवा गावात काही वाईट झालं की गावकी जादा मोडा देत असे. तो सगळ्या गावाला लागू व्हायचा. पाटलालाही आणि ज्याच्याकडे एक वाफा आहे त्यालाही.

मामा पटकन उठला. "मना मान्य. सोमवारी मोडा. सोमवारी एक पन गाडी येनार नाय, माजी जबाबदारी."

"सोमवारी तुज्याकडं कुत्रं तरी येतं का?" मावशी म्हणाली. ती हे त्याच्याकडे न बघता, देवळाच्या खांबाला उद्देशून म्हणाली.

"मग कदी?"

"रविवारी."

"रविवार म्हंजे माजा धंदाच गेला. ह्याला मोडा नाय बोलत. ह्याला मोडनं बोलतात."

तिथे ते अडलं. बराच वेळ अडलं. रविवार म्हटलं की एक बाजू उठायची, सोमवार म्हटलं की दुसरी. मी मनात दुसऱ्या पत्रकाची पहिली ओळ जुळवत होते.

मग मामी बोलली. ती बायकांत मागे, खांबाला टेकून बसली होती. बैठकीत ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं, मामाला तर नाहीच.

"मोडा बैलाला असतो ना?" तिने अध्यक्षांना विचारलं.

"बैलाला, शेताला. हो."

"मी शनिवारी भाकऱ्या भाजते. रविवारी भाकऱ्या भाजते. सोमवारी भांडी घासते. रविवारी कपडे घेऊन नदीवर जावं तर तिथं कोनाची तरी पोरं कपडे काढून बसलेली. मना कदी मोडा? बैल तरी व्हायला पायजे होतं."

या वेळी कुणी हसलं नाही.

मामा म्हणाला, "आगं, मग घरी बोलायचं ना."

"घरी पाहुने असतात," मामी म्हणाली.

बायकांच्या बाजूने दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या. नदीचं, कपड्यांचं, फुटक्या बाटल्यांच्या काचांचं. त्यात पिवळ्या घरातल्याही होत्या. मामा खाली बसला. बाबांनी माझ्या कानाशी वाकून म्हटलं, "साप्ताहिक सुट्टी. आमची पहिली मागणी हीच होती." त्यांचा चेहरा बऱ्याच वर्षांनी असा खुलला होता.

ठरलं ते असं. वाल घरी येईपर्यंत रविवारी मोडा. शनिवारी मामाने तंबू लावावेत, पण गाड्या शाळेच्या मैदानात थांबतील आणि माणसं नदीच्या वाटेने चालत येतील. रविवारी सकाळी चहा पिऊन त्यांनी त्याच वाटेने निघायचं. अध्यक्षांनी देवीपुढे विडा ठेवला, मामाने आणि मावशीने त्याला हात लावला. एका वेळी नाही. आधी तिने, ती बाजूला झाल्यावर त्याने.

मला हे पूर्ण पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही. शेत मावशीचं होतं आणि त्यातून गाडी न जाणं हा तिचा हक्क होता. हक्क हक्क म्हणूनच मिळाला पाहिजे. देवीच्या आडून मिळालेला उद्या देवीच्या आडूनच काढूनही घेता येतो. परतीच्या रिक्षात मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." मग म्हणाले, "पण तिथे हरलं कोण, ते मला अजून कळलं नाहीये." तेवढ्यात स्टेशन आलं.

गावकीने बोर्ड करायचं काम आमच्याकडे दिलं. मजकूर अध्यक्षांनी सांगितला, बाबांनी उतरवून घेतला, त्यात त्यांनी एकही शब्द बदलला नाही. डोंबिवलीतल्या फ्लेक्सवाल्या मुलाने तो मोठ्या लाल अक्षरांत लावला.

रविवारी मोडा
कुंपण, बांध, शेतातली वाट
गावकीच्या हुकमावरून

"काका, वाक्य पूर्ण आहे ना?" त्याने विचारलं.

"पूर्ण आहे," बाबा म्हणाले. मीही वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. गावात बोर्ड लागला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तो वाचला आणि मान हलवली.

पहिल्या मोड्याच्या रविवारी बाबा आणि मी गावात होतो. सकाळी मामाचे पाहुणे ठरल्याप्रमाणे नदीच्या वाटेने गेले. मामी कपड्यांची बादली घेऊन नदीवर गेली. मावशी बांधाच्या बाहेर, आंब्याखाली बसली होती. वाल शेंगांनी भरला होता, काही शेंगा काढायला आल्या होत्या, पण मोडा तिलाही होता. ती हात मांडीवर ठेवून नुसती शेताकडे बघत होती. हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. मधेच ती एक गवताची काडी उचलायची आणि परत ठेवायची.

उन्हं वर आल्यावर एक गाडी वळली आणि मागोमाग दोन मोटारसायकली. शहरातली तरुण मुलं होती. मैदानात थांबा म्हणून सांगायला मामाचा माणूस होता, त्याला त्यांनी हात केला आणि पुढे आली. शेताच्या तोंडाशी बोर्डापुढे थांबली. एकाने मोठ्याने वाचलं.

"रविवारी मोडा. कुंपण, बांध, शेतातली वाट. गावकीच्या हुकमावरून."

"काय रे हे?"

"मोडा बोलतायत भावा. ऑर्डर आहे."

"कायपण."

"वाच ना. आज रविवारच आहे."

ती हसायला लागली. एकाने उतरून फोटो काढला. दुसऱ्याने पायाने कुंपणाची काटेरी फांदी बाजूला ढकलली, मग हाताने ओढली. गाडी जाईल एवढी जागा झाली.

मी बोर्डाकडे पाहिलं आणि तो पहिल्यांदा वाचला. बाबांनीही त्याच वेळी वाचला असावा, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मावशी उठली होती. ती कुंपणापर्यंत धावत आली आणि तिथे थांबली. मोड्याच्या दिवशी कुंपणाला हात लावायचा नसतो. मोडलं तरी लावायचं नसतं, दुसऱ्या दिवशी लावायचं. ती काट्यांच्या अलीकडे उभी राहिली, हात पुढे करून, आणि हात तिथेच राहिले. गाडीवाल्याने इंजिन चालू केलं.

मामा वाडीतून आला तो जवळजवळ पळतच आला. लुंगी गुडघ्यावर होती. आम्हाला वाटलं तो कुंपण ओढून लावेल. त्याने काट्यांकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, आणि उघड्या पडलेल्या जागेत जाऊन उभा राहिला.

"साहेब, गाडी मागं घ्या."

"काका, बोर्डवर तर..."

"बोर्डावर बरोबर लिवलंय. मोडा हाय आज."

"तेच तर. मोडा म्हणूनच..."

"मोडा म्हंजे मोडा. मोडायचं नसतं मोड्याला."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "काका, इथे कॅम्पिंग आहे ना? आम्ही पैसे देऊ."

"ते माजंच हाय," मामा म्हणाला. "बंद हाय."

त्यांनी थोडी हुज्जत घातली. मामा जागचा हलला नाही. शेवटी गाडी मागे गेली, मोटारसायकली वळल्या, आणि धूळ वालावर बसली.

भोक तसंच उघडं होतं आणि दिवस अजून बराच उरला होता. मामाने वाडीतून प्लॅस्टिकची खुर्ची मागवली, काट्यांच्या दोन टोकांमध्ये ठेवली आणि तिच्यावर बसला. दुपारी मावशीने मला घरी बोलावलं, ताटात भाकरी आणि आदल्या दिवशी काढलेल्या वालाचं बिरडं वाढलं, आणि हनुवटीने शेताची दिशा दाखवली. मी ताट नेऊन दिलं. मावशी माझ्या मागोमाग आंब्याखाली येऊन बसली.

मामाने दोन घास खाल्ले.

"मीठ कमी हाय," तो वाटीकडे बघत म्हणाला.

"कुंपन बोलत नसतं," आंब्याखालून उत्तर आलं.

मामा मान खाली घालून जेवत राहिला. त्याचे खांदे हसण्याने हलत होते. दिवस मावळेपर्यंत तो तिथेच बसला. एकदा झोपलाही.

सोमवारी मावशीने कुंपण लावलं. बोर्डाचं काय करायचं यावर बाबा घरी आल्यावर दोन दिवस विचार करत होते. त्यांनी नवीन मजकूर तयार केला, मी त्यातली विशेषणं काढली. तो घेऊन आम्ही पुढच्या शनिवारी गावात गेलो, तेव्हा बोर्ड आधीच दुरुस्त झाला होता. देवळाच्या रंगकामातला निळा रंग उरला होता. मामाने ब्रश घेऊन पहिल्या ओळीपुढे एक शब्द वाढवला होता, आम्ही आणि फ्लेक्सवाला दोघेही जो विसरलो होतो तो. फक्त त्याने तो जसा बोलतो तसाच लिहिला होता. ळ न वापरता.

रविवारी मोडा पाला

बाबा बराच वेळ बोर्डापुढे उभे राहिले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या होत्या. त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि परत आला.

"शुद्ध आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात ठाण्याहून आलेलं एक कुटुंब मैदानातून चालत आलं. बाईंनी बोर्ड वाचला आणि मामाला विचारलं, "दादा, कुठला पाला मोडायचा?"

मामाने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "भांबुर्ड्याचा," तो म्हणाला. "पोपटीला लागतो ना. तो काय, नदीच्या वाटेला हाय. पायजे तेवढा मोडा. आजच मोडा."

ते नदीच्या वाटेने गेले.

त्या वर्षी मावशीचा वाल घरी आला. सगळा नाही, पण बियाण्याला ठेवून खायला पुरेल एवढा. शेवटच्या शेंगा काढल्यावर अध्यक्षांनी मोडा उठल्याचं सांगितलं. म्हणजे येत्या रविवारी शेत मोकळं होतं, गाड्याही मोकळ्या होत्या. शनिवारी सकाळी मी गावात होते. मावशी पट्ट्यात कुदळ घेऊन उतरली होती. वालाखाली झाकलेल्या चाकाच्या दोन चाकोऱ्या आता उघड्या पडल्या होत्या, सरळ मामाच्या वाडीपर्यंत गेलेल्या. तिथली माती दगडासारखी झाली होती. ती रस्त्याच्या टोकापासून ढेकळं उलटी पाडत चालली होती.

मामा वाडीत तंबू ठोकत होता. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि ओरडून विचारलं, "बाय, आता उन्हाळ्याचं काय पेरतेस?"

"काय नाय पेरत."

"मग काय करतेस?"

मावशीने कुदळ मारली. "चाकोरी मोडते," ती म्हणाली. "बोर्डावर लिवलंय."